बसलं म्हणजे चाललं का?

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या शेलूबाजारात वस्तूची परीक्षा एकाच प्रश्नाने होते: "बसते का?" मोटरपंपाचा पट्टा असो, मोटारसायकलची चेन असो, नाही तर मिक्सरच्या भांड्याचं झाकण. कंपनी कोणती, साल कोणतं, गॅरंटी किती, असले प्रश्न मंगरुळपीरला नाही तर कारंज्याला जाऊन विचारायचे. इथे दुकानदार वस्तू हातात घेतो, जागेवर ठेवतो, वरून तळहाताचा एक दणका देतो आणि जाहीर करतो, "बसली!" गिऱ्हाईक पैसे काढतं. बसलेली वस्तू चालते की नाही हा विषय घरी गेल्यावरचा. घर दुकानापासून जितकं लांब, तितकी दुकानाची बरकत मोठी.

या एका तत्त्वावर गावातली बहुतेक यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या सुखाने चालली. त्याने हात टेकले ते फक्त कॉम्प्युटरपुढे. आणि कॉम्प्युटरमध्येही त्याच्या पोटातल्या त्या लांबुळक्या काळ्या स्लॉटपुढे, ज्यात वरून कार्ड खोचतात. या स्लॉटात कार्ड इतकं झोकात बसतं की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. खट्‌ असा आवाज येतो, वरचा स्क्रू लागतो, झाकण बंद होतं. मग बटण दाबल्यावर स्क्रीनवर काहीही येत नाही. बसण्याचा आणि चालण्याचा अर्थाअर्थी काही संबंध नाही, हे सत्य जगात सगळ्यांत स्पष्टपणे कोणी सांगितलं असेल तर ते वेदान्ताने नव्हे, या स्लॉटने.

त्याचा जन्म १९८१ च्या ऑगस्टमधला. आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा त्याच्या मदरबोर्डावर पाच स्लॉट ठेवले, प्रत्येकाला ६२ टोकं. ठेवले नसते तर पंचाईत होती, कारण त्या पेटीत स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतंच. स्क्रीन लावायचा? कार्ड घ्या. फ्लॉपी लावायची? कार्ड घ्या. मेमरी वाढवायची? आणखी एक कार्ड घ्या. पाचांतले दोन-तीन स्लॉट नुसतं बिऱ्हाड मांडण्यातच संपत. पण आयबीएमने पुढे जे केलं ते आजच्या कुठल्याही शहाण्या कंपनीला वेडेपणा वाटेल. सगळ्या सर्किटांचे नकाशे पुस्तकात छापले आणि ते पुस्तक विकायला ठेवलं. मग काय विचारता! ज्याच्या हातात सोल्डरिंगची गन होती तो कार्ड बनवायला बसला. आवाजाची कार्डं, फॅक्सची कार्डं, स्कॅनरची कार्डं, प्रयोगशाळेतल्या उपकरणांची कार्डं, कशाचीही कार्डं.

१९८४ साली आयबीएमने एटी नावाचा थोरला भाऊ काढला. त्याला माहितीच्या आठऐवजी सोळा तारा हव्या होत्या. तेव्हा कोण्या भल्या माणसाने जुन्या स्लॉटला हात न लावता त्याच्या शेपटाला ३६ टोकांचा आणखी एक तुकडा जोडला. नवं कार्ड दोन्ही तुकड्यांत बसे, जुनं कार्ड पुढच्याच तुकड्यात बसे, शेपूट रिकामं राही. कुणाचं काही अडलं नाही. या स्लॉटला पुढे आयएसए असं अधिकृत नाव मिळालं. बाजारात त्याला 'आयसा' म्हणत. वेग ठरला सुमारे आठ मेगाहर्ट्झ, आणि तो मरेपर्यंत आठच राहिला. मेल्यानंतरही आठच आहे, पण ते पुढे येईलच.

१९८७ साली आयबीएमला आपल्या उदारपणाचा पस्तावा झाला. त्यांनी मायक्रो चॅनल नावाचा नवा स्लॉट काढला. तो वेगवान होता, शिस्तीचा होता, हुशार होता. फक्त त्यात जुनं कार्ड बसत नव्हतं, आणि त्याचं कार्ड बनवायचं तर आयबीएमला पैसे मोजावे लागत. जगाच्या बाजारपेठेने तेव्हा शेलूबाजाराचाच प्रश्न विचारला, "आमचं जुनं कार्ड याच्यात बसते का?" नाही. "मग राहू द्या." पुढच्याच वर्षी कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन एक दुमजली स्लॉट जाहीर केला. वरच्या मजल्यावर जुन्या आयसाची टोकं, खालच्या मजल्यावर नव्याची. जुनं कार्ड वरच अडून बसे, नवं कार्ड तळापर्यंत जाई. याला आपल्याकडे म्हाताऱ्यांचा मान राखणं म्हणतात, इंजिनिअर त्याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. दोन्हीकडे खर्च तरुणांनी करायचा असतो. (या दुमजल्याचं नावही आयसाच्या आधी एक 'ई' लावून केलेलं, ईआयसा. नाव ठेवतानासुद्धा जुन्याला धक्का लावायची हिंमत कुणाची झाली नाही.)

इकडे प्रोसेसर मात्र उधळले होते. ३३ मेगाहर्ट्झ झाले, ६६ झाले, १०० झाले. स्लॉट आठवर ठाम. म्हणजे शंभर मेगाहर्ट्झचा प्रोसेसर कार्डाला काही विचारे, आणि कार्डाचा एक ठोका पडेपर्यंत याचे बारा पडून गेलेले असत. तो बिचारा एवढा वेळ काय करी? काही नाही. थांबून राही. सरकारी कचेरीत खिडकीपुढे उभं राहून जो अनुभव आपण घेतो, तो या प्रोसेसरने सेकंदाला लाखो वेळा घेतला आणि एकदाही आवाज चढवला नाही.

शिवाय प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायला एक स्वतंत्र तार लागे. तिला आयआरक्यू म्हणत. तारा मोजक्या, कार्डं फार. कुणाला कोणती तार द्यायची हे कार्डावरच्या मुगाच्या दाण्याएवढ्या जंपरांनी ठरवायचं. पहिल्या आणि तिसऱ्या सीरियल पोर्टला मुळातच एक तार सामाईक दिलेली होती. त्यामुळे पहिल्यावर माऊस आणि तिसऱ्यावर मोडेम असला की माऊस हलवताच मोडेमची लाइन तुटायची शक्यता असे. इंटरनेट लागलं की घरातला जाणता माणूस ओरडे, "माऊसले हात लावू नका रे कोनी!" मग सगळं कुटुंब हात मागे बांधून स्क्रीनकडे बघत बसे. इंटरनेटचा असा आदर पुन्हा कधी झाला नाही.

इतकं सगळं खरं असलं तरी मराठी माणसाने या स्लॉटबद्दल वाकडं बोलू नये. कारण मराठी कॉम्प्युटरमध्ये शिरली ती याच स्लॉटातून.

शेलूबाजारहून कारंज्यावरून मूर्तिजापूरकडे गेलं की त्या तालुक्यात मुरंबा नावाचं गाव लागतं. १९४६ साली तिथे विजय भटकर जन्मले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडे आली. सुपरकॉम्प्युटर बनवणं हे तिचं गाजलेलं काम. पण गावोगावच्या कचेऱ्यांना माहीत होतं ते तिचं दुसरं काम, जिस्ट कार्ड. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून हे कार्ड घडलं. ते आयसाच्या स्लॉटात खोचायचं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. गंमत म्हणजे वर्डस्टार किंवा डीबेसला याचा पत्ताच नसे. तो प्रोग्रॅम आपल्या परीने इंग्रजीच्या पलीकडचे काही अनाकलनीय आकडे साठवत राही, आणि कार्ड त्या आकड्यांचा पडद्यावर 'क्षेत्रफळ' किंवा 'ज्ञानेश्वर' असा सरळ अर्थ लावून दाखवी. अमेरिकेत लिहिलेल्या प्रोग्रॅमकडून आपल्या कचेऱ्या मराठी याद्या करवून घेत होत्या आणि त्या प्रोग्रॅमला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढी गुप्तता आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या कामात पाळली गेल्याचं ऐकिवात नाही.

त्या आकड्यांच्या पद्धतीला इस्की म्हणत. तिचं प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ठरवलं. त्याआधीच्या १९८८ च्या इस्कीवरूनच युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली. आज मोबाइलवर "जेवला का?" असा निरोप धाडता, तेव्हा त्यातल्या अक्षरांचा क्रम त्या जमान्यातलाच असतो. जिस्ट कार्ड गेलं, तो स्लॉटही गेला, पण 'ज' त्याच रांगेत उभा आहे.

त्या काळी नवलाचे प्रोसेसरही याच दारातून आत येत. सी-डॅकचा पहिला सुपरकॉम्प्युटर परम ८००० हा १९९१ मध्ये तयार झाला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश प्रोसेसरांचा जथा जमवून. इनमॉस कंपनीचे हे प्रोसेसर एकमेकांशी थेट तारा जोडून बोलत. चार शेजारी असले की खूष. पण माणसाशी बोलायची त्यांना सवय नव्हती. मग इनमॉसनेच एक कार्ड काढलं, साध्या पीसीच्या आठ तारांच्या स्लॉटात बसणारं, त्यावर ट्रान्सप्युटर. म्हणजे अख्खा प्रोसेसर, खुद्द यजमानापेक्षा तल्लख, पाहुणा म्हणून स्लॉटात येऊन बसे. आणि कीबोर्ड, पडदा, फ्लॉपी यांची व्यवस्था यजमान पीसीने बघायची. विद्वान पाहुणा आला की घरच्या कर्त्याने पाणी आणून द्यायचं, असा तो प्रकार.

खरी मजा याच्या उलट झाली तेव्हा आली. इंटेलशी काही नातं नसलेल्या प्रोसेसरांनी आपले कॉम्प्युटर काढले आणि त्यात आयसाचा स्लॉट ठेवला. जगभर पडलेली लाखो स्वस्त कार्डं कोण सोडणार?

कमोडोर कंपनीच्या अमिगा २००० चं उदाहरण घ्या. साल १९८७, प्रोसेसर मोटोरोलाचा ६८०००. झाकण उघडलं की स्वतःचे स्लॉट आणि त्यांच्या शेजारी पीसीचे आयसा स्लॉट. गिऱ्हाईक आनंदाने पीसीचं कार्ड आणे, खोचे, खट्‌ आवाज ऐके. पुढे शांतता. कारण त्या स्लॉटांना वीज येत होती, पण प्रोसेसरकडे जाणाऱ्या तारा नव्हत्या. ते जागे व्हायला ब्रिजबोर्ड नावाचं वेगळं कार्ड घ्यावं लागे, आणि त्या कार्डावर इंटेलचा ८०८८ बसवलेला असे. म्हणजे स्लॉट वापरायचा तर सोबत दुसरा कॉम्प्युटर विकत घ्यायचा. आमच्याकडे नळ आधी येतो आणि पाइपलाइन पुढच्या पंचवार्षिकात, त्यामुळे हे ऐकून इथे कुणाला धक्का बसत नाही.

१९९५ साली ॲपलमधून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे यांच्या कंपनीने बीबॉक्स काढला. त्यात पॉवरपीसी जातीचे दोन प्रोसेसर, नव्या पीसीआय पद्धतीचे तीन स्लॉट आणि तब्बल पाच आयसा स्लॉट. आदरातिथ्य अगदी पीसीवाल्यांच्या तोडीचं. यंत्रं फारच थोडी विकली गेली, पण जुन्या कार्डांची सोय झाली नाही म्हणून कुणी परत गेलं असं म्हणता येणार नाही.

सगळ्यांत करुण आणि म्हणूनच सगळ्यांत विनोदी कथा अल्फाची. डिजिटल इक्विपमेंट, म्हणजे डेक, या कंपनीने १९९२ मध्ये हा चौसष्ट बिटांचा प्रोसेसर आणला. त्या वेळच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांत त्याची गणना होई. वेगासाठी त्याच्या निर्मात्यांनी बऱ्याच बारीकसारीक सूचना गाळून टाकल्या. त्यात एक सूचना गळाली: एकच बाइट लिहिण्याची. अल्फा लिहायचा तो चार बाइट नाही तर आठ बाइटांच्या घाऊक भावात. एखाद्याच बाइटची गरज असेल तर आठ उचला, त्यातला एक बदला, आठही परत ठेवा. मेमरीपुरतं हे चालतं. पण आयसा कार्ड म्हणजे किरकोळीचा धंदा. तिथे एकेक बाइट मागायचा, एकेक द्यायचा. आणि शेजारच्या बाइटला नुसतं वाचलं तरी कार्ड समजतं की आपल्याला काही हुकूम झाला. मग कोपऱ्यातलं फ्लॉपी ड्राइव्ह विनाकारण घरघरायला लागायचं.

यावर डेकच्या इंजिनिअरांनी तोडगा काढला. त्यांच्या काही यंत्रांत कार्डावरच्या प्रत्येक बाइटसाठी अल्फाच्या बाजूला बत्तीस बाइटांची जागा राखून ठेवली. पत्ता पाच घरं डावीकडे सरकवायचा आणि उरलेल्या जागेत 'मला किती बाइट हवेत' ते सांकेतिक खुणेने लिहायचं. आयसाला दिसणारी सगळी मेमरी मिळून १६ मेगाबाइट. तिच्यासाठी इकडे ५१२ मेगाबाइटांचे पत्ते अडवून ठेवायचे. एका छोट्या वाड्यासाठी अर्धा तालुका बिनशेती करावा तसं. शेवटी १९९६ च्या नव्या आवृत्तीत अल्फाने माघार घेतली आणि एकेका बाइटच्या सूचना शिकून घेतल्या. चौसष्ट बिटांच्या धुरंधराला आठ बिटांच्या कार्डाने किरकोळी शिकवली.

एवढं करूनही पडद्यावर अंधारच होता, कारण चालण्याची आणखी एक अट होती. व्हिडिओ कार्डावर स्वतःची एक छोटी रॉम असते. कॉम्प्युटर चालू होताच त्या रॉममधला प्रोग्रॅम कार्डाला जागं करतो. आणि तो प्रोग्रॅम लिहिलेला असतो इंटेलच्या भाषेत. अल्फाला ती भाषा येत नव्हती. मग डेकने फर्मवेअरमध्ये एक बहुरूपी बसवला. कॉम्प्युटर सुरू होताना तो काही क्षण इंटेलच्या प्रोसेसरचं सोंग घेई, कार्डाशी त्याच्याच भाषेत चार गोड शब्द बोले, कार्ड जागं झालं की सोंग उतरवी. जगातला एक अत्यंत वेगवान प्रोसेसर दिवसाची सुरुवात, ज्याच्यावर मात करायला तो जन्मला, त्याचीच नक्कल करून करत होता. त्याने कधी मुलाखत दिली असती, तर याबद्दलचा प्रश्न टाळला असता.

आता एवढा वेगवान प्रोसेसर आणि एवढा संथ स्लॉट एकाच बोर्डावर नांदायचे कसे? याचं उत्तर आमच्या गावाशेजारी सिमेंटमध्ये बांधून ठेवलं आहे. समृद्धी महामार्ग: ७०१ किलोमीटर, सहा पदरी, मोटारीला ताशी १२० ची मुभा. खाली आमचा जुना रस्ता. त्यावर बैलगाडी, सोयाबीनचं कुटार, मधोमध रवंथ करणारी म्हैस. दोघांना थेट जोडलं असतं तर पहिल्याच दिवशी म्हशीने महामार्ग बंद पाडला असता. म्हणून मध्ये इंटरचेंज आहे. वरून सुसाट आलेल्याने तिथे उतरायचं, वळण घ्यायचं, टोल द्यायचा, वेग कमी करायचा आणि मग म्हशीच्या मागे निमूट चालायचं. दुचाकी आणि तीनचाकीला तर वर चढायलाच बंदी. नागपूरहून शेलूबाजारपर्यंतचा २१० किलोमीटरचा टप्पा मे २०२२ मध्ये आधी खुला करायचं ठरलं होतं. तो मुहूर्त हुकला आणि ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा रस्ता एकदमच सुरू झाला. तेवढ्याने 'जिथे समृद्धी संपते ते गाव' अशी ओळख मिळायची आमची संधी हुकली. त्या वाक्याचे दोन अर्थ होतात हे लक्षात आल्यावर गावाने फार वाईट वाटून घेतलं नाही.

मदरबोर्डावर हाच इंटरचेंज असतो. १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय नावाचा रुंद रस्ता आणला, ३३ मेगाहर्ट्झचा, बत्तीस तारांचा. त्याच्या आणि आयसाच्या मध्ये एक चिप बसवली, तिला ब्रिजच म्हणतात. प्रोसेसर कोणत्याही जातीचा असो, त्याने फक्त पीसीआयशी जमवून घ्यायचं. खालच्या म्हशीशी ब्रिज बघून घेईल. अल्फा, पॉवरपीसी आणि असे कित्येक पाहुणे याच वळणाने आयसापर्यंत उतरले.

या ब्रिजचा एक नियम मला फार आवडतो. पीसीआयवर एखादा पत्ता पुकारला की सगळी नवी कार्डं आधी कानोसा घेतात: "हा माझा आहे का?" कुणीतरी हात वर करतं. काही ठोके उलटूनही कुणी हात वर केला नाही, तर तो पत्ता मुकाट्याने आयसाच्या पदरात पडतो. ज्याला कुणी वाली नाही ते म्हाताऱ्याचं. कारण आयसा कार्डाला आपला पत्ता कोणता हे आधी जाहीर करायची रीतच माहीत नव्हती. ग्रामपंचायतीत नाव न लागलेल्या प्रत्येक कामाची हीच वाटचाल असते: फिरत फिरत ते सगळ्यांत जुन्या शिपायाकडे येतं, आणि होतं.

१९९८ च्या जुलैत अकोल्यातून फुटून वाशीम जिल्हा झाला. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून आयसाला घटस्फोट द्यायचं ठरवलं. नव्या पीसीत आयसा स्लॉट नको, असा सल्ला त्यांच्या 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीत निघाला. काही वर्षांत स्लॉट दिसेनासे झाले. पण दिसेनासे होणं आणि जाणं यात फरक आहे हे जिल्हाविभाजन पाहिलेल्यांना सांगायला नको; अकोल्याच्या फायली कित्येक दिवस चालतच होत्या. कीबोर्ड, फ्लॉपी, सीरियल पोर्ट यांची जुनी चिप कुठेतरी जोडावी लागणारच होती. मग इंटेलनेच एलपीसी नावाची मोजक्या तारांची जोडणी काढली. सॉफ्टवेअरच्या नजरेला ती थेट आयसाच. स्लॉट काढला, वास्तव्य राहिलं. पुढे कुण्या हौशी माणसाच्या ध्यानात आलं की नव्या बोर्डांवर सुरक्षेच्या चिपसाठी ठेवलेल्या काही पिनांतून हीच एलपीसी बाहेर डोकावते. त्याने तिथून आयसाचा स्लॉट परत काढला, त्यात नव्वदच्या दशकातलं साउंड कार्ड खोचलं आणि आधुनिक कॉम्प्युटरवर जुने खेळ त्यांच्या जुन्या खरखरीसकट वाजवले. कारखान्यांसाठी तर इंटेलच्या नव्या पिढीतल्या प्रोसेसरांचे आयसा स्लॉटवाले बोर्ड रीतसर बनतात. लाखो रुपयांचं यंत्र एका जुन्या कार्डावर चालत असेल, तर मालक कार्ड बदलत नाही. कार्डाला शोभेल असा कॉम्प्युटर शोधतो. सोयरीक कार्डाकडून ठरते.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. चौफुलीजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ते प्रत्यक्ष पाहायला मिळालं. एक काका आले. त्यांच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर पूर्वी ज्या कार्डातून काट्याशी बोलायचा, ते आयसा कार्ड त्यांनी रुमालात गुंडाळून आणलं होतं. जुना कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून पुण्याच्या पोराने नवा पाठवला: रास्पबेरी पाय, तळहातावर मावणारा, आत एआरएम जातीचा प्रोसेसर.

"पोरा, हे आपल्या काट्याचं कार्ड. हे याच्यात टाक."

दुकानातला पोरगा दोन्ही वस्तू शेजारी ठेवून बघत राहिला. कार्ड कॉम्प्युटरपेक्षा मोठं होतं. "काका, हे याच्यात कसं जाईन जी? यालेच याच्यात टाका लागते."

"मंग तसं कर."

"तसं नाही होत ना. थे आयसा हाय. याले फक्त पीसीआय एक्सप्रेसची एक बारीक पट्टी हाय."

काका क्षणभर थांबले. "एक्सप्रेस हाय? मंग थे आपल्या इथं कायले थांबते!"

पोरगा हसला, पण धंद्याचा पक्का होता. "काका, काट्याले कार्ड लागतेच कायले? दोन-तीनशे रुपयाची यूएसबीची वायर लावतो. काटा सिरियलवर बोलते, याले वायरच पुरते."

"वायर नाही पायजे. इतके साल या कार्डानं वजन सांगितलं. शेतकऱ्याचा इस्वास या कार्डावर हाय."

शेवटी वायरच लागली. काटा पहिल्या झटक्यात बोलला. तो ज्या सीरियल पद्धतीने बोलला ती आरएस-२३२, तिचं प्रमाण १९६० सालचं. म्हणजे एआरएमच्या नव्या प्रोसेसरने १९८१ च्या आयसाला जुनं म्हणून दारात उभं केलं आणि त्याच्याहून एकवीस वर्षांनी थोरल्या आजोबांना हाताला धरून आत घेतलं. पुरेसं जुनं झालं की माणसाला कुणी जुनं म्हणत नाही, परंपरा म्हणतात. काकांनी मात्र कार्ड दुकानात सोडलं नाही. काट्याच्या खोलीत ते कॉम्प्युटरशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं आहे. आलेल्या शेतकऱ्याला ते दिसतं, आणि वजनाबद्दल तक्रार येत नाही. कशातही न बसता चालणारं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव कार्ड.

सध्या आपल्याकडेही प्रोसेसर घडतायत. मद्रासच्या आयआयटीचा शक्ती आहे, सी-डॅकचा वेगा आहे. दोघेही रिस्क-फाइव्ह या खुल्या घराण्यातले. या घराण्याला इंटेलची भाषा येत नाही आणि आयसाचा सोस नाही, पण स्लॉटची गरज त्यालाही चुकलेली नाही. याच घराण्यातल्या साय-फाइव्ह कंपनीच्या अनमॅच्ड नावाच्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसचा ऐसपैस स्लॉट आहे: लांबी सोळा पदरी कार्डाची, आत तारा आठ पदरांच्या. लांबी का ठेवली? कार्ड बसावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर ते चालतंही, कारण यावेळी दोन्ही बाजूंनी अर्ध्या रस्त्यावर भागवून घ्यायचं आधीच ठरवलेलं आहे. स्लॉट म्हणजे प्लास्टिकची खाच आणि चार नियम, एवढाच ऐवज. खाच कुणीही पाडू शकतं. नियम पाळायला मात्र प्रत्येक नव्या पिढीतल्या सगळ्यांत वेगवान माणसाला थांबावं लागतं, सोंगं घ्यावी लागतात, म्हशीच्या मागे चालावं लागतं. ज्यांनी ते केलं त्यांच्याच यंत्रांत जगाची जुनी कार्डं चालली.

तेव्हा शक्ती आणि वेगाच्या इंजिनिअरांना वाशीम जिल्ह्यातून एकच अर्ज आहे. पुढेमागे या प्रोसेसरांचे कॉम्प्युटर आमच्या बाजारात पाठवाल, तर स्लॉट जरूर ठेवा. आमच्याकडे कार्डांची कमतरता नाही, रुमाल सोडायचा अवकाश. फक्त एक कृपा करा. नुसता बसवू नका, तारापण जोडा.